पत्राचं दुसरं पान

रविवारी सकाळी वॉटफर्डच्या घरात पोहे गार होत होते आणि सुलक्षणा आठल्येचा धाकटा दीर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्या आईचा जीव घेत होता. माईंना जाऊन खरं तर अडीच वर्षं झाली होती. पण ओहायोमधल्या कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये, हजारभर माणसांसमोर, डॉ. शशी आठल्ये माईक धरून उभा होता आणि माईंना पुन्हा एकदा, आपल्या सोयीने मारत होता.

"माझी आई इंग्लंडमध्ये राहायची," तो इंग्रजीत सांगत होता. "तिच्या किडन्या गेल्या. इथे अमेरिकेत तिला दुसऱ्या दिवशी डायलिसिसवर घेतलं असतं. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी ठरवलं, बाई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, आता पुरे. आम्हा मुलांना कुणी विचारलंसुद्धा नाही. अकरा आठवड्यांत माझी आई गेली. मित्रांनो, याला डेथ पॅनेल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

जिममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईने डोळे पुसले. मागच्या एका इसमाने 'माझ्या आजीला हात लावू नका' असा फलक उंचावला.

ते ऑगस्ट २००९चे दिवस होते. सगळ्यांना आरोग्यविमा मिळावा म्हणून ओबामाने विधेयक पुढे केलं होतं, आणि कुणी जगायचं ते ठरवणारी सरकारी समिती, म्हणजे 'डेथ पॅनेल', नेमून त्या विधेयकाने घरोघरच्या म्हाताऱ्यांचे गळे दाबले जाणार, अशी निम्म्या अमेरिकेची खात्री पटवून देण्यात आली होती. पुरावा म्हणून रोज कुणीतरी इंग्लंडकडे बोट दाखवायचं. इतके दिवस ती बोटं परक्यांची होती, आज एक घरचं निघालं. व्हिडिओ लेक देवयानीने लीड्सहून ईमेलने पाठवला होता, वर एकच ओळ लिहून: 'आई, काका हे काय बोलतोय?'

"काय आवाज लावलाय बघा," सुलक्षणा म्हणाली. "आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी बॅग भरली या माणसाने. वेम्बलीच्या गुरुजींना म्हणाला, दहाव्याचं आजच उरकता येईल का. आणि आता गळा दाटून येतोय."

तिचा नवरा ज्ञानेश्वर रिटायर्ड भूलतज्ज्ञ होता. तीस वर्षं दुसऱ्यांना झोपवता झोपवता हा माणूस स्वतः पुरता जागा व्हायचा राहून गेला, असं तिचं मत होतं. "बोलू दे गं त्याला," तो म्हणाला. "अमेरिकेतलं अमेरिकेत राहील."

लोकांना तुच्छ लेखणं हा सुलक्षणाचा स्वभाव होता, आणि नशिबाने तिला नोकरीही तशीच मिळाली होती. बावीस वर्षं ती एका जीपी सर्जरीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर बसत होती. सकाळी आठच्या ठोक्याला फोन सुरू व्हायचे. डॉक्टर आजच हवा, दहाच्या आत हवा, आणि शक्यतो 'इंग्लिश' हवा. नाक गळतंय म्हणून अॅम्ब्युलन्स मागणारे तिने पाहिले होते, आणि छातीत दुखत असताना 'सवडीने सांगा हं' म्हणणारेही. एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, लक्तरं तिला जेवढी ठाऊक होती तेवढी त्या जिममधल्या एकालाही ठाऊक नव्हती. माई एकदा पडल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना साडेपाच तास कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर ठेवलं होतं. तिथल्या मॅनेजरची सुलक्षणाने अशी हजेरी घेतली की पुढे तो तिला लांबून पाहिलं तरी जिन्याने जायचा. पण ती हजेरी घ्यायचा हक्क तिचा होता. आपल्या नवऱ्याला आपण नावं ठेवावीत, शेजारणीने ठेवली तर तिला दारात उभं करू नये, हा साधा न्याय.

तेव्हा राग होताच. पण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते सुलक्षणाने गार पोह्यांबरोबर गिळून टाकलं. डॉक्टर नाही म्हणाले, हे शशीच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ते वाक्य त्याला तिनेच दिलं होतं.

झालं होतं ते असं. २००६च्या नोव्हेंबरात माईंच्या किडन्यांनी हात टेकले. डॉ. मंजिरी साने ही तिथली किडनीची कन्सल्टंट, मूळची नागपूरची, चाळिशीतली. साऱ्या हार्टफर्डशर जिल्ह्यात जिच्यापुढे सुलक्षणाची जीभ आपोआप सरळ चालायची अशी ही एकच बाई. तिने माईंना पाऊण तास मराठीत समजावून सांगितलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडायचं. न्यायला-आणायला गाडी येईल. थकवा फार येईल. वर्ष-दोन वर्षं मिळतील, कदाचित तेवढीही नाहीत.

माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या चार तासांत उठून फिरता येतं?"

"नाही, माई."

"आणि नाहीच केलं तर?"

"काही आठवडे. फार तर काही महिने."

"दुखेल?"

"दुखू देणार नाही."

"मग मला नको ते मशीन. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार, मी पुन्हा हेच सांगेन."

मंजिरीने पुढच्या आठवड्यात खरोखरच पुन्हा विचारलं. माईंनी तेच सांगितलं, आणि वर एक अट घातली. "हे मी ठरवलं असं अमेरिकेतल्याला कळता कामा नये. तो येईल, चार दिवस भांडेल, मला त्या मशीनच्या खुर्चीला बांधून परत जाईल. बसायचं मला आहे, त्याला नाही. सुलू, तू त्याला सांग, डॉक्टरच नाही म्हणाले."

आपल्या लोकांत हे काही पाप मानत नाहीत. लांब राहणाऱ्याला वाईट बातमी गाळून द्यायची, ही रीतच आहे. वडिलांना हार्ट अॅटॅक आला की 'जरा पित्त झालंय' असं कळवायचं, आणि ते गेले की 'सीरियस आहेत, नीघ' म्हणायचं. सुलक्षणाला स्वतःच्या आईची बातमी पुण्याहून अशीच तीन हप्त्यांत मिळाली होती. तिने त्याबद्दल कुणाला दोष दिला नव्हता. तेव्हा त्या संध्याकाळी तिने फोन लावला आणि सांगितलं, "भावजी, डॉक्टर म्हणतात डायलिसिस नाही जमणार. वय फार झालंय."

तिने भांडणाची तयारी ठेवली होती. शशी पोटाच्या विकारांचा का होईना, डॉक्टर होता. तो रिपोर्ट मागेल, रक्तातलं क्रिएटिनिन किती ते विचारेल, कन्सल्टंटशी बोलू द्या म्हणेल. तो म्हणाला, "ओके. तिथे असंच असतं. इथे असती तर काहीतरी केलं असतं." मग त्याने देवयानीच्या नोकरीची चौकशी केली. फोन अडीच मिनिटं चालला. तेवढ्यात तो सुलक्षणाच्या मनातून जो उतरला तो उतरलाच.

व्हिडिओला चार दिवस होतात न होतात तोच शशीचा फोन आला.

"वहिनी, त्या स्पीचचा इथे प्रचंड इम्पॅक्ट झालाय. डॉक्टरांची एक असोसिएशन आहे आमची, ते टीव्हीसाठी अॅड करतायत. लंडनमध्ये शूट आहे. मी शनिवारी येतोय. तुम्ही फक्त एक करा, माईची फाइल काढून ठेवा. हॉस्पिटलचं ते लेटर हवंय."

"कशाला?"

"अहो, प्रूफ नको का? उद्या कुणी म्हणेल, मी बनवून सांगतोय."

सुलक्षणाने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वर क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "हरवली म्हण."

"कुठे हरवली?"

"घर बदलताना."

"बत्तीस वर्षं याच घरात आहोत आपण."

"मग पाणी शिरलं म्हण."

"जिन्याखालच्या कपाटात? तुमच्या डोक्यात शिरलंय पाणी," ती म्हणाली आणि फाइल काढायला गेली.

हॉस्पिटलमधून जीपीला जे पत्र जातं त्याची एक प्रत पेशंटलाही पाठवायची, अशी इथली पद्धत. माईंच्या फाइलमध्ये मंजिरीचं पत्र होतं, दोन पानी. पहिल्या पानावर आजार, आकडे, वय एक्क्याऐंशी, आणि खाली ठळक अक्षरात: डायलिसिस करायचं नाही, फक्त त्रास कमी ठेवणारे उपचार. दुसऱ्या पानावर ते कसं ठरलं याची हकीकत होती. हा निर्णय सर्वस्वी पेशंटचा आहे. दोन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, दोन्ही वेळा उत्तर तेच. सून हजर होती. हा निर्णय आपला आहे हे अमेरिकेतल्या मुलाला कळू नये अशी पेशंटची इच्छा आहे, त्याला काय सांगायचं ते सून पाहील.

सून पाहील. हे दोन शब्द सुलक्षणाने दोनदा वाचले आणि फाइल बंद केली.

त्या आठवड्यात सगळ्या इंग्लंडला एकदम एनएचएसच्या प्रेमाचा उमाळा आला होता. अमेरिकेने नावं ठेवली म्हटल्यावर टीव्हीवर, रेडिओवर, बसस्टॉपवर जो तो 'आमची एनएचएस' म्हणून छाती पिटत होता. अपॉइंटमेंट मिळाली नाही म्हणून सोमवारी काउंटरवर मूठ आपटून गेलेले एक गृहस्थ गुरुवारी तिला म्हणाले, "यू पीपल आर वंडरफुल." सुलक्षणाने त्यांना पुढच्या बुधवारची अपॉइंटमेंट दिली.

शुक्रवारी दुपारी मंजिरीचा फोन आला.

"सुलक्षणाताई, आमच्या प्रेस ऑफिसला एका पेपरच्या बाईने फोन केला होता. तुमच्या दिरांनी तिकडच्या रेडिओवर सांगितलंय, वॉटफर्डजवळचं हॉस्पिटल, आणि डॉक्टर इंडियन बाई. आता अशा इथे आहोत किती?"

"मग सांगून टाक ना खरं काय ते. तुझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

"नाही सांगता येत. पेशंट गेला तरी त्याची गोष्ट आमच्यापाशीच राहते. मी फक्त नो कॉमेंट म्हणू शकते. आणि नो कॉमेंट म्हणणारा डॉक्टर लोकांना कसा दिसतो, ते तुम्हाला माहितेय. काल एक ईमेल आली, मी खुनी आहे म्हणून. माझ्या सेक्रेटरीने वाचली आधी. मला म्हणते, डिलीट करू का?"

"मी काय करू, सांग."

"काही नाही. मी तुमच्याकडे काही मागायला फोन नाही केला. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढंच."

मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. मागणाऱ्यांना नाही म्हणण्यात सुलक्षणाची हयात गेली होती. या न मागणाऱ्या बाईचं काय करायचं ते तिला कळेना, आणि त्या दिवशी सर्जरीत तिने दोघांना विनाकारण झापलं.

शनिवारी शशी आला. बासष्टीचा असून पन्नाशीचा दिसत होता, आणि आपण तसे दिसतो हे त्याला माहीत होतं. जेवायला बसल्यावर त्याने वाटाण्याच्या उसळीचं कौतुक केलं आणि लगेच अमेरिकेवर आला. सरकार एकदा औषधात शिरलं की संपलं. मग कुणी जगायचं आणि कुणी मरायचं ते कारकून ठरवणार.

"तुमच्याकडे साडेचार कोटी लोकांना विमाच नाही म्हणे," सुलक्षणा भाकरी वाढता वाढता म्हणाली.

"वहिनी, त्यातल्या पुष्कळांना तो नकोच असतो. इट्स अ चॉइस."

"आणि कॅन्सर झाला की?"

"इमर्जन्सीमध्ये कुणालाही नाही म्हणत नाहीत. कायदाच आहे तसा."

"म्हणजे अगदी मरायला टेकेपर्यंत थांबायचं आणि मग जायचं. मग ते पॅनेल कुणाकडे आहे म्हणायचं, भावजी?"

"तुम्ही ना, गोष्टी फार सिम्प्लिफाय करता," शशी हसून म्हणाला. तिच्या काउंटरपलीकडचे लोक वाद हरले की असंच हसायचे.

"सुलू, ताक दे त्याला," ज्ञानेश्वर म्हणाला. घरात पेटलं की हा माणूस ताक मागायचा.

जेवणं झाली. सुलक्षणाने टेबल पुसलं आणि फाइल शशीपुढे ठेवली. ज्ञानेश्वर 'कुंड्यांना पाणी घालायचंय' म्हणत उठला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला.

शशीने पहिलं पान वाचलं. मान हलवली. बोटाने ठळक अक्षरांखालून रेघ ओढल्यासारखं केलं. "एक्झॅक्टली. एक्झॅक्टली हेच हवं होतं." मग त्याने पान उलटलं.

दुसरं पान वाचायला त्याला फार वेळ लागला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा वरपासून वाचलं.

"माई असं म्हणाली?"

"शब्दन् शब्द."

"मग तुम्ही मला फोनवर..."

"खोटं सांगितलं. माईंनी सांगायला लावलं म्हणून सांगितलं."

"मला का नाही कळवायचं?"

"तुम्ही याल, चार दिवस भांडाल आणि त्यांना खुर्चीला बांधून परत जाल, म्हणून. हेसुद्धा त्यांचेच शब्द."

"मी तिच्याशी बोललो असतो. भांडलो नसतो."

"तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत, भावजी. डॉक्टर ना तुम्ही? क्रिएटिनिन किती, एवढंसुद्धा नाही. अडीच मिनिटांत मोकळे झालात."

"तुम्ही म्हणालात, डॉक्टर नाही म्हणाले. मी विश्वास ठेवला, वहिनी."

"सोयीचं होतं म्हणून ठेवलात," सुलक्षणा म्हणाली. हे वाक्य तिने अडीच वर्षं धार लावून ठेवलं होतं.

तो उठला. फोन घेऊन मागच्या बागेत गेला. काचेतून तो दिसत होता, सफरचंदाच्या झाडाखाली येरझारा घालत, एक हात कपाळावर ठेवून. असोसिएशनच्या लोकांना सांगत असणार, चूक झाली, जाहिरात रद्द करा. सुलक्षणाला स्वतःचंच नवल वाटलं, कारण तिला त्याची दया आली. आईने आपल्याला दाराबाहेर ठेवलं हे साठी उलटल्यावर कळणं काही सोपं नाही. तिने चहा टाकला, त्याला आवडतो तसा, गवती चहा घालून.

शशी आत आला. डोळे लाल होते. चहाचा कप त्याने दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "मी बोललो त्यांच्याशी. पहिलं पान पुरेल म्हणतायत."

सुलक्षणाला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे अॅडमध्ये तसंही एकच पान दिसणार. दुसरं फॅमिली मॅटर आहे. आणि माईला ते बाहेर जायला नको होतं, तुम्हीच म्हणालात ना? मग तिच्या इच्छेचा मान ठेवायला नको?"

अशी हुशारी देवाने फक्त शिकलेल्या माणसालाच द्यावी. अडाणी माणूस खोटं बोलताना निदान अडखळतो.

"आणि मंजिरी? तिला खुनी म्हणून ईमेल येतायत."

"नाव ब्लर करतील. वहिनी, प्लीज, इट्स बिगर दॅन अस. एका कायद्याचा प्रश्न आहे. करोडो लोकांचा."

"आत्ता डोळे पुसत होतात ना बागेत?"

"ते खरंच होतं," शशी म्हणाला. आणि वाईट हे, की ते खरंच होतं.

त्याने पानाकडे हात नेला. सुलक्षणाने फाइल उचलली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. साठीला आलेली, पाच फूट उंचीची बाई. शशीने हात मागे घेतला. मग वळून म्हणाला, "दादा, तू सांग ना हिला काहीतरी."

ज्ञानेश्वरने घसा साफ केला. "हॉटेल कुठे घेतलंयस तू?"

"पॅडिंग्टनला. का?"

"टॅक्सी बोलावतो," ज्ञानेश्वर म्हणाला. बत्तीस वर्षांच्या संसारात सुलक्षणाला तो एवढा आवडला नव्हता.

दारात शशी थांबला. "पेपर नसला तरी चालेल. माझी आई होती ती. माझा शब्द पुरेसा आहे." मग तो गेला.

रविवारभर सुलक्षणा विचार करत राहिली. पत्र लपवून काही साधत नव्हतं. शशी कॅमेऱ्यापुढे बोलणार, मंजिरी नो कॉमेंट म्हणणार, आणि लोक त्यातलं काय ते समजणार. तोंड उघडू शकेल असं माणूस एकच होतं. पण दुसरं पान बाहेर काढायचं तर ते सबंध काढावं लागणार होतं, त्यातल्या सुनेसकट. पत्रातली अर्धी गोष्ट लपवणाऱ्याला हाकलून दिल्यावर आपण दुसरी अर्धी लपवायची, हे तिच्या मानी स्वभावात बसेना. आणि माईंना दिलेला शब्द? ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला तर आता सगळं कळलंच होतं. सोमवारी लंचच्या वेळेत तिने सर्जरीच्या मागच्या खोलीतून त्या पेपरच्या बाईला फोन केला.

बाई हुशार होती. तिने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. निर्णय जर आईचा होता, तर डॉक्टरांनी नाकारलं असं मुलाला सांगितलं कुणी?

"मी," सुलक्षणा म्हणाली, आणि नावाचं स्पेलिंग सांगितलं.

बुधवारी बातमी आली, फोटोसकट. हॉस्पिटलने आता कौटुंबिक संमती आहे म्हणून दोन ओळींचं निवेदन काढलं. मंजिरीच्या ईमेल थांबल्या. तिने फोन केला, पण तिला बोलताच येईना, तेव्हा सुलक्षणाने तिला दरडावून पाणी प्यायला लावलं. शशीची जाहिरात निघालीच नाही. संघटनेने त्याचं नाव वेबसाइटवरून गुपचूप काढून टाकलं, असं देवयानीने शोधून कळवलं.

आपल्या लोकांनी मात्र बातमीतलं नेमकं हवं तेवढंच उचललं. वेम्बलीला ईलिंग रोडवर कोथिंबीर निवडताना रेखा गोखले तिला म्हणाली, "अगं, पण दिराला त्याच्या आईचं कळू दिलं नाहीस, ते काही बरं नाही हं." ही तीच रेखा, जिने स्वतःच्या नणंदेला वडील गेल्याचं सांगितलं ते तेराव्यानंतर. सुलक्षणाने तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि जुड्या उचलून पैसे द्यायला गेली. असल्या माणसांना उत्तर देणं म्हणजे आपलं तोंड विटाळणं.

तीन आठवड्यांनी, पुन्हा एका रविवारी, देवयानीची ईमेल आली. यावेळी वर काहीच लिहिलेलं नव्हतं. सुलक्षणाने ज्ञानेश्वरला हाक मारली, खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा लावला. तोंडघशी पडलेला शशी आता काय सारवासारव करतो ते बघायला ती आतुर झाली होती. चार-पाच चांगले शब्द तिने आधीच निवडून ठेवले होते.

यावेळी जिम नव्हती, एका चर्चचा लहानसा हॉल होता. साठ-सत्तर माणसं असतील. शशीला बोलायला वेळ लागत होता.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की माझ्या आईला डॉक्टरांनी नाकारलं. ते खरं नव्हतं," तो म्हणाला. "माझी आई मरायचं ठरवत होती आणि मला कुणी सांगितलं नाही. माझ्या भावाच्या बायकोने मला फोनवर खोटं सांगितलं. मी ते खरं मानलं. सगळे तिच्याजवळ बसले होते, सगळ्यांना माहीत होतं. माझी आई माझ्यापासून लपून मेली."

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग तो आणखी काहीतरी म्हणाला, सरकार, डॉक्टर आणि कुटुंब यांच्याबद्दल, ज्याचा आधीच्या बोलण्याशी काही संबंध नव्हता, आणि तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मूर्ख आहे," सुलक्षणा म्हणाली आणि तिने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. शेवटचा सरकारचा भाग येण्याआधी तो थांबवला. मग तिसऱ्यांदा लावला, आणि या वेळी एकेका वाक्याला थांबवत गेली.

ज्ञानेश्वर तिच्या मागे उभा होता. "काय शोधतेयस?"

तिने पुढचं वाक्य लावलं आणि पुन्हा थांबवलं.

"सुलू, खोटं काय बोलला तो?"

"काही नाही," सुलक्षणा म्हणाली.